शेवटचा ल

दर रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
मी जुन्या तबकड्या मांडून बसतो.
डावीकडे पिंजऱ्यातल्या कोंबड्या, उजवीकडे नळाच्या तोट्या.
त्या एका गाण्याची चौदा ध्वनिमुद्रणं माझ्यापाशी आहेत,
चौदा वेगवेगळ्या गळ्यांतली.
ते गाणं पाठ नाही असा माणूस
मोंतेविदेओत अजून जन्मायचा आहे.

पंधरावी तबकडी मिळाली एका मेलेल्या दंतवैद्याच्या घरात,
कवळ्यांच्या साच्यांखाली.
लेबल कुणीतरी नखानं खरवडून काढलेलं.
एका अक्षराची शेपटी तेवढी उरलेली,
किंवा तोही ओरखडाच.

नेलिदा बेंतांकोर, चाळीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेली,
पहिल्याच ओळीला म्हणाली,
"एल्विरा सांतूरिओ. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"
पण एल्विरा श्वास घेते तो चोरून, शब्दाच्या आड,
लग्नाच्या पंगतीत टेबलाखाली
घट्ट बुटातून टाच सोडवावी तसा.
ही तर उघड घेते,
पिशव्या घेऊन जिना चढून आल्यासारखा.

पियानो लावणारा लेदेस्मा म्हणाला,
"बाईचं मला विचारू नका.
पण वरची एक पट्टी मुकी आहे, ऐका, इथे, आणि इथे.
तो पियानो मी ओळखतो. त्याच्यावर इर्मा फागूंदेस गायची."
मग एल्विरा की इर्मा, यावर दुपार गेली.
येर्बाचं एकच भांडं आलटूनपालटून पिणारी ती दोघं
त्या दिवशी आपापल्या थर्मासकडे बघत बसली.

मी ती घरी नेली. अकरा वेळा ऐकली.
बायको म्हणाली, आता जेव.

ओळख पटली ती दोरिव्हालमुळे.
दोरिव्हाल भाजक्या शेंगदाण्यांची गाडी ढकलतो,
गाण्यातलं त्याला काही कळत नाही, असं तोच सांगतो.
ध्रुवपदाची ओळ चालू होती,
दार लावून गेला एप्रिल
(आमच्याकडे एप्रिल म्हणजे पानगळ,
कपाटातून स्वेटर निघतात, चिनारांच्या पानांनी गटारं तुंबतात)
आणि गाडी थांबली.
"पुन्हा लावा."
लावली.
"ही आमच्याकडची. रिवेराची."

कशावरून?
"आब्रील म्हणतच नाही ती. आब्रिऊ म्हणते.
शेवटचा ल गिळते. आम्ही सगळेच गिळतो."
रिवेरात रस्त्याची एक कड उरुग्वायची, दुसरी ब्राझीलची,
कुत्री दिवसातून वीस वेळा देश बदलतात.
"आणि पलीकडच्या भाषेत," शेंगदाण्यांची पुडी वळत तो म्हणाला,
"आब्रिऊ म्हणजे उघडलं."

कोंबड्या ओरडत होत्या.
मी सुई उचलली, पुन्हा ठेवली.
चौदा जणींनी ते दार लावून घेतलं होतं,
कुणी रडत, कुणी आपटून,
एकीनं तर इतकं हलकेच की कडीसुद्धा वाजली नाही.
ही तोच शब्द गाते, त्याच सुरावर,
आणि दार उघडतं.

तिला ठाऊक होतं का?
की नुसती सवय जबड्याची,
आईच्या स्वयंपाकघरात लागलेली?
स्टुडिओतल्या माणसानं काच ठोकून
"बाई, ल! ल!" म्हटलं असेल.
तिनं मान डोलावली असेल, आणि पुन्हा तेच.
ते नख कुणाचं, हे मात्र
दोरिव्हाललाही सांगता येईना.

"नाव?"
"नाव कसं सांगू? माझी आई असंच बोलायची.
पण ती गायची नाही. तिला वेळ कुठे होता."

नेलिदा अजून एल्विराच म्हणते.
लेदेस्मा तिच्या थर्मासमधलं पाणी घेऊ लागलाय पुन्हा.

मी पाकिटावर पेन्सिलनं लिहिलं:
गायिका अज्ञात. रिवेरा. रस्त्याची अलीकडची बाजू.
पुढच्या रविवारी दोरिव्हालनं ते वाचलं,
मिठाचे हात विजारीला पुसले,
आणि म्हणाला,
"अलीकडची? ते कशावरून?"